सुटलेली गोळी पुन्हा सुरू करताना

मधुमेहाची गोळी सुटली तर घरातले सगळे रागावतात. मनाच्या आजाराची गोळी सुटली तर मात्र अनेक घरांत आनंद होतो. ‘माशाअल्लाह, आता गरज उरली नाही,’ असे म्हणून पाकीट कपाटात जाते. वर्ष-दोन वर्षे बरी जातात. मग घरात कुणाचा इंतकाल झाल्यावर, बाळंतपणानंतर किंवा काही कारण नसतानाही झोप उडते, घास गिळवत नाही, नमाजला उभे राहण्याचेही बळ राहत नाही. तेव्हा हात पुन्हा त्याच कपाटाकडे जातो. नेमके इथेच थांबायला हवे.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या अम्मीने असेच केले. दीड वर्षापूर्वी थांबवलेली एस्सिटालोप्रामची 20 मिलिग्रॅमची गोळी त्यांनी पूर्वीसारखीच सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून मळमळ, हाताला कंप, जिवाची घालमेल. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “ही गोळीच तुला बाधते, सोडून दे.” त्यांनी सोडली आणि आता आपल्याला इलाजच नाही असे समजून पुढचे दोन महिने अंथरुणात काढले. अखेर मानसोपचारतज्ज्ञांनी तीच गोळी 5 मिलिग्रॅमपासून सुरू केली, हळूहळू वाढवली आणि ती लागू पडली.

असे का होते?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असते, म्हणून सुरुवातीचा त्रास पोटातून होतो. नियमित औषध घेताना शरीर त्याला सरावते. महिनोन्महिने खंड पडला की तो सराव मोडतो. दोन-तीन दिवस गोळी चुकणे आणि वर्षभर बंद राहणे यात म्हणूनच फरक आहे. पूर्वी कितीही मोठा डोस सोसला असला, तरी लांब खंडानंतर डॉक्टर बहुधा कमी डोसने सुरुवात करतात. पूर्वी ज्या औषधाने गुण आला होता, तेच बहुधा पुन्हा निवडले जाते. म्हणून जुनी चिठ्ठी सोबत न्यावी. कपाटातल्या गोळ्यांची मुदतही संपलेली असू शकते.

डॉक्टरांना काय सांगावे?

मधल्या काळात शरीरात आणि घरात काय बदलले, ते सगळे. गर्भ राहिला आहे का, बाळ अंगावर पीत आहे का, रक्तदाब किंवा थायरॉइडचा आजार निघाला आहे का. थायरॉइड कमी झाल्यानेही उदासी आणि थकवा येतो, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर टाळू नये. दुखण्यावरची ट्रामाडॉल, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगातली लिनेझोलिड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हकीमसाहेबांचे माजून किंवा काढा, काहीही लपवू नये. ट्रामाडॉल आणि लिनेझोलिड यांचा या औषधांशी धोकादायक संयोग होऊ शकतो. पूर्वी कधी झोपेशिवाय अंगात प्रचंड उत्साह, भरमसाट बोलणे, वारेमाप खर्च असे दिवस आले असतील तर तेही सांगावे. तो वेगळा आजार असू शकतो आणि नुसत्या उदासीच्या गोळीने तो बिघडू शकतो.

पहिले काही आठवडे

गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला 6 आठवडे किंवा अधिकही. मळमळ आणि डोकेदुखी आधी येते, आराम नंतर. हे घरच्यांनाही ठाऊक हवे, म्हणजे चौथ्या दिवशी कुणी ‘सोड’ म्हणणार नाही. याच काळात जास्त लक्ष ठेवावे, विशेषतः 25 वर्षांखालील मुलामुलींवर. बेचैनी वाढली किंवा मरणाचे बोलणे निघाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, माणसाला एकटे सोडू नये. गोळ्या घरातल्या मोठ्यांच्या ताब्यात असाव्यात. ताप, कंप, स्नायू ताठरणे आणि गोंधळलेपणा एकत्र दिसला तर थेट इस्पितळात न्यावे.

रमजानमध्ये

रमजान लागण्यापूर्वी दोन-तीन आठवडे डॉक्टरांना भेटावे. दिवसातून एकदाची गोळी बहुतेकदा इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येते. झोप आणणारी रात्री, झोप उडवणारी सेहरीला. दोन वेळांची असेल तर तेच वेळ ठरवतील. रोज्यासाठी स्वतःहून गोळी बंद करू नये. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे आणि मनाचा आजारही आजारच आहे.

दुवा आणि दवा यांत भांडण नाही. नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, तेव्हा मनाचा इलाज आपल्याला परका नाही.

बरे वाटू लागल्यावरही औषध साधारण 6 ते 9 महिने चालू ठेवतात. आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून जास्त. थांबवायचे तेव्हाही डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे थोडे कमी करत. जवळ तज्ज्ञ नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच जतन करून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.