टोकनच्या आधी

पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागातल्या जुन्या सोसायट्यांमधले फ्लॅट विकून देणं हे माझं काम. आम्ही रिसेलवाले एकत्र बसलो की 2020 सालची आठवण निघतेच. राज्य सरकारने त्या वर्षी मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर केली. 1 सप्टेंबरपासून 31 डिसेंबरपर्यंत तीन टक्के कमी, त्यानंतर 31 मार्च 2021 पर्यंत दोन टक्के कमी. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर घेणाऱ्याचे दोन लाख चाळीस हजार वाचणार होते. लॉकडाउनपासून मुके झालेले फोन पुन्हा वाजायला लागले.

पंचांगाने मात्र वेगळंच वाढून ठेवलं होतं. सवलत सुरू झाली त्या दिवशी अनंत चतुर्दशी. लगेच पितृपक्ष. तो संपतो न संपतो तोच 18 सप्टेंबरला अधिक आश्विन लागला. घटस्थापना थेट 17 ऑक्टोबरला! चार महिन्यांच्या सवलतीतला दीड महिना जुन्या वळणाची माणसं टोकन द्यायलाही तयार नव्हती आणि घ्यायलाही.

त्या दीड महिन्यात एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटांचं काय झालं, ते सांगते.

पहिला फ्लॅट एका आजींचा. आजोबा जाऊन काही वर्षं झाली होती. सोसायटीच्या दप्तरी आजी नॉमिनी होत्या, मेंटेनन्सची पावती त्यांच्या नावाने यायची, त्यामुळे घर आपल्या एकटीच्या नावावर झालं असं त्या धरून चालल्या होत्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव अजून आजोबांचंच होतं. वकिलांनी समजावून सांगितलं की नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालकी वारसांची. मुलगा आणि मुलगी, दोघांनीही आजींच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. मुलगा परदेशात. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायचं आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा.

मुलगी म्हणाली, "ताई, पितृपक्षात घराचा विषय नको."

आजीच मध्ये बोलल्या. "सौदा नको, बरोबर आहे. पण त्यांच्या नावाचे कागद त्यांच्या पंधरवड्यात नीट करायला काय हरकत आहे?"

काम सुरू झालं. मृत्यूचा दाखला, मूळ करारनामा, बिल्डरच्या पैशांच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. हे शेवटचं पत्र एका जुन्या दिवाळी अंकात घडी घालून ठेवलेलं निघालं. अधिक मासात हक्कसोडपत्राची नोंदणी झाली. दसऱ्याला टोकन आलं, आणि आजींच्या फायलीत वकिलाला काही मागावं लागलं नाही म्हणून घेणाऱ्याचं कर्जही लवकर मंजूर झालं. 31 डिसेंबरच्या आत मुद्रांक शुल्क भरलं की नोंदणीला पुढे चार महिने मिळत होते. त्यामुळे शुल्क वेळेत भरून नोंदणी जानेवारीत, गर्दी ओसरल्यावर, शांतपणे झाली.

दुसरा फ्लॅट बागेच्या बाजूचा, उजेडाचा, खरं तर जास्त चांगला. मालकांनी तो दीड महिना रंगकाम आणि नवीन किचन ट्रॉलीत घालवला. घर देखणं झालं, दिवाळीत पार्टीही मिळाली. पण घर वडिलांच्या नावावर, भाऊ तिघे, आणि त्यांतला एक वारलेला. त्याच्या पत्नीची आणि मुलांची सही कुणी मागितलीच नव्हती. बँकेच्या वकिलाने फाइल परत पाठवली. वहिनी काही अडवणाऱ्या नव्हत्या. "मला आधी कुणी सांगितलं तर असतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्यातलं दुखणं मला आजही ऐकू येतं. सह्या जमेपर्यंत डिसेंबर उलटला. घेणारे शेजारच्या गल्लीत दुसरा फ्लॅट घेऊन मोकळे झाले. ट्रॉलीवर केलेला खर्च पुढच्या गिऱ्हाइकाने भावात धरलाच नाही. त्याला हव्या तशा ट्रॉल्या तो नव्याने करणार होता.

घर सजवायला माझा विरोध नाही. माळ्यावरचं सामान काढा, बंद पडलेले दिवे बदला, गळके नळ दुरुस्त करा, खिडक्या पुसा. एवढ्यानं खोली मोठी दिसते आणि येणाऱ्याचा जीव रमतो. रंग मात्र ओल झाकायला लावू नका. एका ठिकाणी मालकांनी बेडरूमच्या भिंतीला पुट्टी मारून ताजा रंग दिला होता आणि पुढ्यात कपाट सरकवून ठेवलं होतं. घेणाऱ्या मुलीबरोबर तिचे वडील आले होते, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बाकी काही पाहिलं नाही. कपाट हलवायला सांगितलं, भिंतीवर तळहात टेकवला, क्षणभर थांबले आणि चप्पल घालून निघाले. त्या भिंतीचं रडगाणं वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून आलेलं होतं. वरच्या शेजाऱ्यांशी आणि सोसायटीशी आधीच बोलून वॉटरप्रूफिंग केलं असतं, तर ते घर त्याच दिवशी गेलं असतं.

पावसाळ्यात घर दाखवू नये असा एक समज आहे. माझं मत उलटं आहे. घर कोरडं असेल तर ते ऑगस्टमध्येच दाखवावं. भर पावसात कोरडी असलेली भिंत घेणाऱ्याला जो विश्वास देते, तो जानेवारीतला ताजा रंग देत नाही.

मुहूर्ताचा दुसरा किस्सा मेट्रोचा. वनाझच्या बाजूचे एक काका कित्येक वर्षं सांगत होते, "मेट्रो सुरू झाली की विकू." डिसेंबर 2016 मध्ये भूमिपूजन झालं होतं, आणि वनाझ ते गरवारे कॉलेज टप्पा 6 मार्च 2022 ला सुरू झाला. काकांचा फोन आला, "आता काढा." महिनाही झाला नाही तोच 1 एप्रिलपासून पुण्यात एक टक्का मेट्रो अधिभार लागला आणि घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क सात टक्क्यांवर गेलं. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर पोचला. हप्ता वाढला की तेच जोडपं, त्याच पगारात, कमी किमतीचं घर शोधायला लागतं. काकांची इमारत दरम्यान आणखी जुनी झाली होती, आणि बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस इमारतीचं उरलेलं आयुष्य आधी विचारतो. मेट्रोने भाव वाढला नाही असं मी म्हणणार नाही. पण काका जेवढा धरून बसले होते, तेवढा त्यांच्या हातात पडला नाही.

भाव कुठला धरायचा, यावरून घराघरांत भांडणं होतात. जाहिरातीतला आकडा हा मागणाऱ्याचा असतो. दिलेला आकडा नोंदणीच्या उताऱ्यात, म्हणजे इंडेक्स टू मध्ये असतो, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो. आपल्याच इमारतीत, आपल्याच गल्लीत गेल्या वर्षभरात काय नोंदलं गेलं, ते पाहून बसलेला मालक बैठकीत शांत असतो. त्याचा सौदाही सहसा मोडत नाही. सोसायटीच्या ट्रान्सफर फीबद्दलही आधीच माहीत असावं. महापालिका हद्दीत ती पंचवीस हजारांच्या वर मागता येत नाही. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर घेणारा एक टक्का टीडीएस कापणार, हेही धरून ठेवावं. ऐनवेळी हा विषय निघाला की मालकाला वाटतं आपले पैसे कापले, आणि जुळत आलेली बैठक विस्कटते.

बाजार कधी वर जाईल ते मला सांगता येत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी माझं घर विकायला देणार नाही. सवलत, व्याजकपात, जवळ येणारं नवीन ऑफिस, या गोष्टी अचानक येतात आणि त्यांची मुदत थोडी असते. त्या थोड्या मुदतीत कागद गोळा करून होत नाहीत, आणि भावंडांची मनंही जुळवून होत नाहीत.

म्हणून घर विकायचं ठरलेलं नसलं तरी या रविवारी एक काम करा. शेअर सर्टिफिकेट बाहेर काढा आणि त्यावरचं नाव वाचा. ते हयात नसलेल्या माणसाचं असेल, तर सगळ्या वारसांना, वहिनींना आणि त्यांच्या मुलांनाही, त्याच दिवशी फोन करा.