परसात बसायला जागा करायची? आधी सावली, मग खुर्च्या

पुणे-नाशिक महामार्गावर चाकण ओलांडून राजगुरुनगरकडे निघालं की दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड दिसू लागतात. काल जिथे कांदा होता तिथे आज बंगले उभे राहत आहेत. शहरातल्या फ्लॅटच्या तुलनेत इथला मोठा फायदा म्हणजे घरामागची मोकळी जागा. कुणाकडे अर्धा गुंठा, कुणाकडे दोन-तीन गुंठे.

या जागेचं पुढे काय होतं, हे मात्र अनेक घरांत सारखंच असतं. आधी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसतात. मग लोखंडी झोपाळा, चार खुर्च्या आणि कुंड्यांची रांग येते. एप्रिल उजाडला की संध्याकाळी सहापर्यंत तिथे पाय ठेवता येत नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतं. वर्षभरात झोपाळ्यावर कपडे वाळत पडतात.

खर्च करूनही असं का होतं? कारण बहुतेकदा सुरुवात सामानापासून होते. खरं तर ती उन्हापासून व्हायला हवी.

जुन्या घरांनी काय केलं होतं?

मराठी घरांना बाहेर बसणं नवीन नाही. पुढे ओटा, मग पडवी, मध्ये चौक आणि मागे परस अशी जुन्या वाड्यांची रचना असायची. राजगुरुनगरात भीमेच्या काठावर हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचं जन्मस्थान असलेला वाडा आजही स्मारक म्हणून जपलेला आहे. अशा वाड्यांच्या रचनेत एक साधा विचार असायचा: दिवसाच्या प्रत्येक वेळेला सावलीची एक वेगळी जागा. सकाळी ओटा, दुपारी पडवी, संध्याकाळी अंगण.

म्हणजेच एकच जागा चोवीस तास आरामाची करण्याचा हट्ट नव्हता. आजच्या परसातही हाच विचार उपयोगी पडतो.

ऊन नेमकं कुठून येतं?

राजगुरुनगर साधारण १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली जवळपास नाहीशी होते. त्या वेळी वरचं छप्पर पुरेसं असतं. पण त्या वेळी बाहेर कोण बसतं?

बसायची वेळ असते चार-पाचनंतरची. तेव्हा सूर्य पश्चिमेला खाली उतरलेला असतो आणि ऊन छपराखालून तिरकं आत घुसतं. म्हणूनच महागडा मांडव घालूनही संध्याकाळी तोंडावर ऊन येतं. इथे छपरापेक्षा पश्चिमेकडचा आडोसा जास्त काम करतो.

डिसेंबरमध्ये चित्र बदलतं. सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि थंडीत तेच ऊन हवंहवंसं वाटतं. म्हणून साधा नियम असा: पश्चिम झाका, दक्षिण मोकळी ठेवा. पावसाळी वारेही मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिमेचा आडोसा पावसाची झडही थोडी अडवतो.

खात्री करायची असेल तर उन्हाळ्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी चार आणि साडेपाचला सावली कुठे पडते, तिथे चुन्याच्या फक्कीने रेघ मारा. बसायची जागा कुठे हवी, हे या तीन रेघा सांगतील.

झाड कोणतं लावायचं?

पिवळ्या झुंबरांमुळे बहावा अनेकांना आवडतो. पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं गळलेली असतात. म्हणजे सावली हवी तेव्हाच ती विरळ होते. शोभेसाठी तो जरूर लावा, पण बसायच्या जागेवर नको.

उलट करंज आणि कडुनिंब यांना उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते, त्यामुळे मे महिन्यात त्यांची सावली दाट असते. आंबा आणि बकुळ बारा महिने हिरवे राहतात. वड, पिंपळ, उंबर मात्र घराच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांबच बरे, कारण त्यांची मुळं भेगांमध्ये शिरतात.

झटपट हिरवी भिंत हवी म्हणून अनेक जण कोनोकार्पस लावतात. परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या वाहिन्यांत शिरणारी मुळं अशा कारणांमुळे गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. त्याऐवजी जास्वंद, कण्हेर किंवा अडुळसा यांचं कुंपण करता येतं. लहान मुलं किंवा जनावरं असतील तर कण्हेर टाळा, ती विषारी असते.

खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यायचे आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावायचं. झाड मोठं होईपर्यंत तीन-चार वर्षं जातात. तोवर पश्चिमेला बांबूच्या सांगाड्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळाचा वेल चढवा. शेतकरी वापरतात ती शेडनेट उभी बांधली तरी चालते.

पेव्हर ब्लॉक, लॉन की माती?

उघड्यावरचा काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळी बाहेर सोडतो. बसायला निघावं तेव्हाच जमीन तापलेली असते. शिवाय पाणी मुरत नाही. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १० हजार लिटर पाणी होतं. ते गटारात जायचं की बोअरच्या आसपासच्या जमिनीत मुरायचं, हे परसाच्या तळावर ठरतं.

लॉनचा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात त्याला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे एक गुंठा लॉनला रोज ४०० ते ५०० लिटर. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जात असेल तर हा हिशेब आधीच केलेला बरा.

मधला मार्ग असा: चालायला शहाबादी फरशीचे तुकडे थोडं अंतर सोडून बसवा, बसायच्या जागेपुरती फरशी घाला आणि बाकी माती ठेवा. स्वयंपाकघरातलं सांडपाणी केळी, कर्दळ आणि अळूला द्यायची जुनी पद्धत इथे पुन्हा कामाला येते.

बसायचं कशावर?

झाडाभोवती पार बांधायचा असेल तर तो दीड फूट उंच ठेवा, पाय आरामात टेकतात. पण बुंध्यालगत सिमेंट ओतू नका आणि खोडावर मातीची भर घालू नका. मुळांना हवा मिळाली नाही की झाड हळूहळू खचतं. बुंध्याभोवती मोठं मोकळं आळं सोडून पार बांधावा. झोपाळ्याला पुढे-मागे मोकळी जागा लागते, ती आधी मोजून घ्या.

डास आणि सापांचं काय?

शेतालगतच्या घरांत ही भीती खरी असते. साप येतात ते मुख्यतः उंदीर-बेडकांच्या मागे आणि लपायला जागा मिळाली तर. म्हणून लाकडं, विटा आणि भंगार यांचा ढीग बसायच्या जागेजवळ नको. वाटेवर पायाशी उजेड पडेल असा मंद पिवळा दिवा पुरतो. कुंड्यांखालच्या बशा आणि पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी रिकामं करून घासा. छोटं तळं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

मग सुरुवात कुठून?

पहिल्या वर्षी फक्त सावलीच्या रेघा, पश्चिमेची दोन झाडं आणि एक वेल. बसायला घरातली सतरंजी पुरे. त्या वर्षभरात घरातली माणसं आपोआप कुठे जाऊन बसतात, ते पाहा. आजी सकाळी उन्हाला कुठे टेकते? शिफ्टवरून आलेला माणूस चहाचा कप घेऊन कुठे उभा राहतो? ओटा तिथेच बांधा. आधी बांधून मग माणसं येण्याची वाट पाहण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.