डाग रंगावर आहे की रंगात?

कॅरव्हॅनच्या छपराच्या कडेपासून खाली ओघळलेल्या काळ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. आमच्या देवनारमध्ये गाडी उघड्यावर उभी राहिली की एका पावसाळ्यात उमटतात. शॅम्पूने घासा, फिक्या होतात, जात नाहीत. मग कुणीतरी म्हणतंच, ‘कंपाउंड मारून टाका.’ जरा थांबा. माझं संशोधन अशाच पातळ थरांवर चाललंय, म्हणून सांगते.

पत्र्याच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअरकोट. जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. ऊन अडवायचं काम तोच करतो. रबिंग कंपाउंडमध्ये बारीक खर असते. ती डागासकट हा थरही खरवडते. दर दिवाळीला कंपाउंड मारलंत तर थोड्याच वर्षांत पापुद्रे सुटतील, आणि मग अख्खी बाजू रंगवायची. गाडी भाड्याने देणाऱ्याचा तेवढे दिवस धंदा बंद.

म्हणून आधी डाग ओळखायचा. गाडी धुऊन वाळली की डागावरून बोट फिरवा. उंचवटा लागला तर वर काहीतरी बसलंय. खोलगट लागलं तर रंगच खाल्ला गेलाय.

काळ्या रेघा पहिल्या जातीच्या. छपरावर काजळी, टायरचा भुगा, हायवेची धूळ साचते. शिवाय इथे 1927 पासूनची कचराभूमी आहे. जानेवारी 2016 च्या आगीचा धूर तर उपग्रहाच्या चित्रांतही दिसला होता. पण नुसती काजळी इतकी चिवट नसते. खिडक्यांचं रबर आणि सांध्यांतलं सीलंट उन्हाने झिजतं, त्यातला तेलकट अंश पाण्याबरोबर उतरतो आणि काजळीला धरून ठेवतो. तेलकटाला तेलकटच सोडवतं. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन मऊ कापडावर थोडंसं घ्या, आधी कोपऱ्यात करून बघा, सावलीत थंड पत्र्यावर हलकेच पुसा आणि लगेच शॅम्पूने धुवा. जवळ शेगडी नको. एनसी थिनर तर अजिबात नको, गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग त्याने मऊ पडतो.

बॉडी फायबरची असेल तर मात्र उलट. तिच्यावरचा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दसपट जाड. उन्हाने तो खडूसारखा भुरभुरतो आणि मळ त्या छिद्रांत शिरतो. इथे कंपाउंड योग्यच, फक्त नंतर वॅक्स हवं.

टँकरच्या पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक चुना. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून लावा, दोन मिनिटांत धुवा.

आता खोलगट डाग. कावळ्या-कबुतरांची विष्ठा नुसती घाण नसते, तिच्यात पाचक विकरं असतात. इराणमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत विष्ठेऐवजी पँक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांचं मिश्रण, क्लिअरकोटवर ठेवून पाहिलं. विकरांनी पॉलिमरचे बंध तोडले आणि पृष्ठभागावर खड्डे पडले. खड्डा धुऊन कसा निघणार? फार तर कडा घासून कमी दिसेल. म्हणून विष्ठा दिसली की त्याच दिवशी ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचला. सुकी खरवडू नका, त्यातल्या कणांनी ओरखडे पडतात.

आणि एक, गाडी धुताना बाजू सगळेच धुतात, छपरावर कुणी चढत नाही. रेघा तिथूनच येतात. शिडी घ्या.