कोरफडीवरचा पांढरा कापूस

नवी मुंबईच्या फ्लॅटला अंगण नसते, पण खिडकीच्या ग्रिलमध्ये कोरफड, पानफुटी किंवा जेडची कुंडी बहुधा असतेच. या जाड पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. ही कीड रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. त्या चिकट्यासाठी आलेल्या मुंग्या किडीची राखण करतात, तिला दुसऱ्या झाडावरही नेतात. उघड्यावर पावसाचा मारा बरीच कीड धुऊन काढतो. छज्जाखाली ते काम आपल्यालाच करावे लागते.

त्यासाठी शेतातले कीटकनाशक मात्र घरात आणू नका. कोरफडीचा गर आपण मुलांच्या त्वचेला, केसांना लावतो. काही औषधे थेट पानाच्या आत मुरतात.

आधी कुंडी वेगळी ठेवा. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पुंजके पुसा. मग १ लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण मिसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर पाहा. मादी शेकडो अंडी घालते, म्हणून दर ७ दिवसांनी असे तीन-चार वेळा करा. झाड तरीही सुकत असेल तर मुळे तपासा. तिथेही कीड लपते. पाणी माती वाळल्यावरच द्या.

नातलगांना रोप देण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाहा. आणलेले नवे रोपही दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा.