माकडहाड, बोंडअळी आणि दहावीचा पहिला धडा

श्रावणातला सोमवार म्हणजे येडशीच्या रामलिंगाला ही गर्दी. घाट हिरवागार, दर्शनाला रांग आणि रांगेवर नजर ठेवून बसलेली माकडं. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या हातातली प्रसादाची पिशवी गेली, तेव्हा त्याला ती गेल्याचं कळायलाही वेळ लागला. वर बघितलं तर महाराज फांदीवर बसून निवांत केळं सोलतायत.

‘आपण माकडापासून झालो म्हणतात, मग ही माकडं अजून माणूस का नाही झाली?’ पिशवीवाल्याने रागातच विचारलं.

हसलो सगळेच. पण उत्तर कुणालाच धड देता येईना. आम्ही सगळे सायन्सवाले, हे विशेष!

उत्तर तसं आपल्या भावकीत आहे. चुलतभाऊ आणि तुम्ही, दोघांचे आजोबा एक. म्हणून ‘चुलतभाऊ अजून माझ्यासारखा का झाला नाही?’ असं कुणी विचारतं का? फांदीवरचं माकड आपला पूर्वज नाही, ते आपल्या भावकीतलं आहे. आपला आणि त्याचा सामाईक पूर्वज साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर वाटण्या झाल्या, वाटा वेगळ्या झाल्या.

पुरावा पाहिजे? ज्यावर तुम्ही बसता तिथेच आहे. पाठीच्या कण्याच्या टोकाला मणके जुळून झालेलं जे हाड आहे, त्याला मराठीत सरळ ‘माकडहाड’ म्हणतात. पाय घसरून आपटलेल्या माणसाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. आईच्या पोटात असताना पाचव्या आठवड्याच्या आसपास आपल्याला चक्क शेपूट असते, ती आठव्या आठवड्यापर्यंत जिरून जाते. चिंपांझी, गोरिला आणि माणूस या घराण्यात शेपूट गेली कशी, याचा एक धागा 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात घुसलेला डीएनएचा एक छोटा तुकडा! उंदरांच्या जनुकात तसाच बदल घडवून बघितला, तर काही उंदीर आखूड शेपटीचे आणि काही बिनशेपटीचे जन्मले.

माकडहाड आपल्या बोर्डाच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकातही आहे. विज्ञान भाग 2, पहिलाच धडा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आंत्रपुच्छ, अक्कलदाढ, बैलाचा पाय आणि वटवाघळाचा पंख यांच्या हाडांतलं साम्य, सगळं आहे. आम्ही ते ‘कारणे द्या’साठी पाठ केलं, पेपरात ओतलं आणि विसरलो.

त्याच 2018 च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून ते खोडून काढलं. पुढे 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा 1,800 हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक वगैरेंनी खुल्या पत्रावर सह्या केल्या.

‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न मात्र चांगला आहे. टाळू नये.

डिसेंबर 2024 मध्ये रामलिंगाच्याच जंगलात कॅमेऱ्यात वाघ आला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला. कॅमेऱ्यातला वाघ नेमका कोणता, हे त्याच्या पट्ट्यांवरून ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. हा फरक म्हणजे निवडीचा कच्चा माल. तो वाघात असतो, माणसात असतो आणि कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीतही असतो.

भारतात बीटी कापूस आला 2002 मध्ये. अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार व्हायचं. अळ्या पटापट मेल्या. पण लाखोंत एखादी अशी असायची की तिला त्या प्रथिनाचं काही वाटत नव्हतं. बाकीच्या गेल्या आणि शेत तिच्या पिल्लांना मोकळं मिळालं. 2006 ला दोन जनुकांचं बीटी आलं. 2010 मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांतली अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली तर आत अळी आणि कवडी कापूस. अळी ‘शिकली’ असं लोक म्हणतात. अळी काही शिकली नाही. मरणाऱ्या मेल्या, उरलेल्यांचा वंश वाढला. डार्विनचं म्हणणं हेच, आणि हे पाहिलं आपल्या शेतकऱ्यांनी, पंधरा वर्षांत.

आपला हातभारही लागला. फरदड घेतली की अळीला पुढचे काही महिनेही खायची सोय. शिवाय बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी यायची, ती शेताच्या कडेने लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा चिवट पतंगांशी संकर व्हावा आणि होणारी पिल्लं बीटीवर मरावीत, हा हिशेब. म्हणजे उत्क्रांतीचा धडा त्या पुडीतच बांधून दिलेला होता.

‘पण अळीची अळीच राहिली ना?’ पिशवीवाला अजून भांडायच्या मूडमध्ये. खरंय. पंधरा वर्षांत दुसरं काही होणारही नाही. पण असे बदल कोट्यवधी वर्षं साठत गेले, की त्याची खूण माकडहाडासारखी मागे राहते.

तो माजलगावकडचा, घरी कपाशी. घाट उतरताना त्याने वडिलांना फोन लावला.

‘अप्पा, पूर्वी बीटीच्या पाकिटासंगं बारकी पुडी यायची, ती कुठं लावायचो आपण?’

‘ती व्हय? ती कोण लावतंय! गोठ्यात पडून राहायची. का रं?’

‘काही नाही,’ तो म्हणाला, आणि परत वर फांदीकडे बघायला लागला.