प्रश्नांची परांची

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘अ रेनी डे’ हा विषय लिहिला जातो, आणि चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांतून एकच पाऊस पडू लागतो. प्रत्येक वहीत तो ‘कॅट्स अँड डॉग्ज’ असाच कोसळतो, प्रत्येक मुलगा छत्री घरी विसरतो, आणि तो दिवस प्रत्येकाच्या जन्मभर स्मरणात राहतो. श्रोतेहो, हा पाऊस इंदूरचा नव्हे, बेळगावचा नव्हे की नागपूरचाही नव्हे. तो बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतला पाऊस आहे.

आता त्याच वर्गातल्या एखाद्या मुलाला मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारा, “काल वळवाचा पाऊस आला, तेव्हा तू कोठे होतास रे?” तो लगेच बोलू लागतो. पत्र्यावरचा तडतडाट, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उचलताना आईची उडालेली तारांबळ, भिजलेले दप्तर, सारे त्याच्या तोंडून भराभर बाहेर पडते. म्हणजे मुलाजवळ सांगण्यासारखे काही नसते, ही आपली समजूत खरी नव्हे. त्याला विचारणारे कोणी नसते, एवढेच.

कॅनडातील बेरायटर आणि स्कार्डामालिया या संशोधकांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या लेखनविषयक ग्रंथात या गोष्टीची मीमांसा केली आहे. संभाषणात समोरच्या माणसाचे ‘मग?’ आणि ‘पुढे?’ आपले बोलणे ओढून बाहेर काढीत असते. कोऱ्या कागदाला मात्र तोंड नसते. त्यांच्या प्रयोगांत ‘आमचे लिहून झाले’ म्हणणाऱ्या मुलांना नुसते ‘आणखी लिहा’ म्हटले, तरी मुले पुष्कळ अधिक लिहीत.

येथूनच मार्गदर्शक प्रश्नांची कल्पना सुचते. विषयाखाली शिक्षक चार-पाच प्रश्न देतो. पाऊस आला तेव्हा तू कोठे होतास? प्रथम काय ऐकू आले? कोणाची धावपळ उडाली? तू काय केलेस? पाऊस थांबल्यावर काय दिसले? हेच प्रश्न इंग्रजीत विचारले, तर ते मुलाला वाक्याची घडण आणि थोडे शब्दही उसने देतात. वह्या भरू लागतात आणि शिक्षकाला आनंद होतो.

पण आनंद हा पुरावा नव्हे. निबंध सुधारले ते प्रश्नांमुळे, की दरम्यान महिनाभर सराव झाला म्हणून? की या वेळचा विषयच सोपा होता? की ज्याने मोठ्या आशेने प्रश्न तयार केले, त्याच शिक्षकाने वह्या तपासल्या म्हणून? शेवटची शंका तर फार गंभीर आहे. 1961 साली अमेरिकेत डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 वाचकांकडून तपासून घेतले. एक ते नऊ अशा श्रेणी द्यावयाच्या होत्या. त्यांपैकी 101 निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! कोणा एकाला जो निबंध सर्वोत्तम वाटला, तोच दुसऱ्या कोणाला अगदी टाकाऊ वाटला. ज्या मापाची पट्टीच अशी लांबते-आखडते, त्या मापाने सुधारणा मोजावयाची कशी?

यावरचा मार्ग अवघड नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. प्रथम सर्व मुलांकडून एक निबंध कोणत्याही साहाय्यावाचून लिहवून घ्यावा. त्याच्या गुणांवरून साधारण सारख्या मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतून चिठ्ठी टाकून एकाला प्रश्नांच्या गटात, दुसऱ्याला साध्या गटात घालावे. ही चिठ्ठी म्हणजे पोरखेळ नव्हे. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1935 च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांच्या आखणीचा पाया म्हणून जी यदृच्छेची निवड सांगितली, ती हीच. शिक्षकाने हुशार मुले आपल्या आवडत्या गटात नकळत ओढू नयेत, यासाठी ती असते. दोन्ही गटांना विषय एकच आणि वेळही तितकाच द्यावा. काही आठवड्यांनी पुन्हा निबंध घ्यावेत, वह्यांवर नावांऐवजी क्रमांक घालावेत, आणि कोणती वही कोणत्या गटाची हे ठाऊक नसलेल्या दोन परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासाव्यात. आशय किती, संगती कशी, भाषा कितपत शुद्ध, यांचे गुण वेगवेगळे द्यावेत. कारण निबंध लांबला म्हणजे तो सुधारला, असे होत नाही.

तथापि खरी कसोटी यापुढेच आहे. प्रश्न समोर असताना लिहिलेला निबंध चांगला उतरला, तर त्यात नवल ते काय? चाळीस मुलांनी पाच प्रश्नांची पाच उत्तरे एकाखाली एक मांडली, तर मार्गदर्शिकेतला एक पाऊस जाऊन शिक्षकाचा दुसरा पाऊस आला, इतकेच. म्हणून शेवटी एक निबंध नव्या विषयावर, कोणताही प्रश्न न देता, दोन्ही गटांकडून लिहवून घेतला पाहिजे. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 साली शिक्षकाच्या अशा साहाय्याला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. गवंडी परांची बांधतो ती भिंत उभी राहावी म्हणून. परंतु भिंत उभी राहिली की नाही, हे परांची उतरविल्यावरच कळते.

आजवरच्या संशोधनाचा कलही याच दिशेचा आहे. हिलॉक्स यांनी 1986 साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तोलून पाहिले, तेव्हा व्याकरणाच्या सुट्या धड्यांनी लेखन सुधारत नाही, सामग्री समोर ठेवून तिचा शोध घ्यावयास लावले की सुधारते, असे दिसून आले. ग्रॅहम आणि पेरिन यांच्या 2007 च्या अहवालात सर्वांत मोठा लाभ दिसला तो लेखनाची आखणी आणि फेरतपासणी यांच्या रीती मुलांना पद्धतशीर शिकविल्याने, त्या रीती त्यांना स्वतंत्रपणे वापरता येईपर्यंत. मात्र यांतील बहुतेक प्रयोग इंग्रजी हीच शाळेची भाषा असलेल्या मुलांवर झालेले आहेत. आपला विद्यार्थी मराठीत आठवतो आणि इंग्रजीत लिहितो. प्रश्न त्याला कोणत्या भाषेत विचारावा, हेदेखील आपल्याच वर्गात पारखून घेतले पाहिजे.

ही खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्या घरातल्या मुलासाठी. इतरांना प्रश्न विचारणारे घरी भेटतात; त्याला ते फक्त वर्गात भेटतात. न पारखलेल्या पद्धतीत त्याचे वर्ष वाया गेले, तर ते त्याला कोणी परत देत नाही. म्हणून शिक्षकाने प्रश्न अवश्य द्यावेत, हळूहळू पाचांचे तीन करावेत, तिनांचा एक करावा, आणि एके दिवशी फळा कोराच ठेवावा. त्या दिवशी त्या मुलाने पेन हातात धरून स्वतःशीच विचारले, “मी तेव्हा कोठे होतो?”, तर समजावे की आपला प्रयोग सफल झाला.