पहिला हातातला जीपीएस घेताना : सह्याद्रीत मुलांना नेणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी



पावसाळा सरत आला की शाळाशाळांतून गडकिल्ल्यांच्या सहली ठरू लागतात. कुणीतरी हौशी पालक म्हणतात, "मॅडम, शाळेसाठी एक जीपीएसच घेऊन टाकू या ना!" आणि मग बाजारात पाहायला गेलं की डोकं चक्रावतं. एकसारखी दिसणारी दोन यंत्रं असतात आणि किमतीत मात्र बराच फरक. कशाचे पैसे द्यायचे आणि कशाचे नाही, हे दुकानदार सांगत नाही. म्हणून आज हा विषय घेऊ. चाळीस मुलं बरोबर असताना उतरतीला धुकं आलं किंवा डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळला आणि वाटेला फाटा फुटला, तर हातातलं यंत्र खरंच कामाचं आहे का, हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचं वाचा.

आधी ते चालतं कसं ते बघू. आठवी-नववीच्या वर्गात हे सहज शिकवता येतं. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन फेऱ्या मारतात. प्रत्येक उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो : मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत. आपल्या हातातलं यंत्र फक्त ऐकतं, ते काहीही पाठवत नाही. (पुष्कळ पालकांना वाटतं की जीपीएस असलं म्हणजे मूल कुठे आहे ते घरी दिसेल. तसं नाही. ते दाखवायला फोनचं नेटवर्क किंवा वेगळी सोय लागते.) संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी, पण किमान चार लागतात. का? कारण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि आपल्या यंत्रात साधं घड्याळ. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकणार! चौथा उपग्रह आपल्या घड्याळाची ही चूक शोधून देतो. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला लावा, चांगलेच चकित होतात.

ही व्यवस्था अमेरिकेची. १९९५ मध्ये ती पूर्ण कार्यान्वित झाली, पण मे २००० पर्यंत सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जायची आणि जागा शंभरेक मीटरने हलायची. ती चूक काढून टाकल्यावरच हे यंत्र डोंगरात खऱ्या अर्थाने उपयोगी झालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधं यंत्रही पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवतं. शिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायदू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा व्यवस्था आहेत. नव्या यंत्रांत यातल्या दोन-तीन तरी चालतात. त्याचा फायदा पठारावर फारसा जाणवत नाही, दरीत जाणवतो.

आता सगळ्यात पहिला आणि प्रामाणिक प्रश्न : फोन असताना वेगळं यंत्र कशाला?

खरं सांगायचं तर वर्षातून एकदा, मळलेल्या वाटेच्या गडावर, दिवसाउजेडी जाऊन येणार असाल तर घेऊ नका. फोनमधला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो, विमान मोडवरसुद्धा चालतो. ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये घरीच नकाशा उतरवून ठेवला की झालं. नेटवर्क नसेल तर पहिली जागा सापडायला मात्र थोडा जास्त वेळ लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो, आणि तीच माहिती फोन एरवी नेटवर्कवरून चटकन उचलून घेतो. एवढाच तो फरक.

वेगळं यंत्र लागतं ते फोन जिथे कच्चा पडतो तिथे. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. भर उन्हात पडदा दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे फोन हे तुमचं मदत मागायचं साधन आहे. संध्याकाळी त्याची बॅटरी वाट शोधण्यात संपली आणि मुलाचा पाय मुरगळला, तर कुणाला कळवणार? ज्या शाळा दरवर्षी तीन-चार मोहिमा काढतात, आडवाटेने जातात किंवा मुक्काम करतात, त्यांनी वाटेसाठी एक यंत्र आणि बोलण्यासाठी एक फोन असं वेगळं ठेवलेलं बरं.

घ्यायचंच ठरलं, तर माझ्या मते पहिली गोष्ट पाहावी ती सेलची. पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या. पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात दुसरं काही मिळो न मिळो, पेन्सिल सेल मिळतो. आतल्या बॅटरीची काही महागडी यंत्रं एका चार्जिंगवर कितीतरी जास्त चालतात हे खरं, पण ती चार्ज करायची आठवण शाळेत कुणाची, हा प्रश्न उरतोच! गार्मिनच्या इट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्समध्ये दोन पेन्सिल सेल बसतात आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ते २५ तास चालतात. थंडीत आणि पडद्याचा दिवा लावून ठेवल्यावर त्याहून कमी धरा. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो, साध्या सेलचा १.५. प्रकार बदलला नाही तर यंत्र किती चार्ज उरला ते चुकीचं दाखवतं.

वर उल्लेख केलेली दोन यंत्रं शेजारी ठेवली तर जुळी भावंडंच. मग ३२एक्सला जादा पैसे कशाचे? दोन गोष्टींचे : त्यात चुंबकीय होकायंत्र आहे आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे. यातलं होकायंत्र मला महत्त्वाचं वाटतं. साध्या जीपीएसला फक्त जागा कळते, तोंड कुठे आहे ते कळत नाही. तुम्ही चालत असाल तर दोन जागांवरून ते दिशा काढतं. पण फाट्यावर थांबून "डावीकडे की उजवीकडे?" असं विचारलंत तर त्याचा बाण निरुपयोगी होतो, कारण तुम्ही उभे आहात. आणि गोंधळ उडाला की माणूस नेमका थांबतोच. अर्थात यावर दोन पैशांचा उपाय आहे : दहा-वीस पावलं चालून पाहायचं किंवा खिशात साधं होकायंत्र ठेवायचं. मुलांना होकायंत्र शिकवायचंच असेल, तर स्वस्तातलं यंत्र आणि चार साधी होकायंत्रं हा सौदा शाळेला जास्त फायद्याचा.

उंचीमापकाचं म्हणाल तर सह्याद्रीत त्याचा उपयोग आहे. जीपीएसने काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह डोक्याच्या वरच्या बाजूलाच असतात, पायाखालून कुणी सांगणारा नसतो. हवेचा दाब दर आठ-नऊ मीटरला सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यावरून उंचीतला बारीक फरकही कळतो. पण हवामान बदललं तरी दाब बदलतो. म्हणून ज्ञात उंचीच्या ठिकाणी तो जुळवून घ्यावा लागतो. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर दिसतात का, हे मुलांकडून तपासून घेण्यात मजा येते.

नव्या आणि महाग यंत्रांत 'मल्टी-बँड' नावाची सोय असते. ती समजून घ्यायला आपला डोंगर समजून घ्यावा लागतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत किंवा नाळेत शिरलात की आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. उपग्रहाचा संदेश सरळ न येता कातळावर आपटून येतो, त्याचा प्रवास लांबतो आणि यंत्राला वाटतं आपण दूर आहोत. मग पडद्यावरचा ठिपका समोरच्या भिंतीवर उडी मारतो! दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणारं यंत्र असे फसवे संदेश बरेच ओळखतं. पण बरेचच, सगळे नाही. शाळेच्या मुलांना तुम्ही नाळेच्या वाटेने नेणार नसाल (आणि नेऊ नये), तर या सोयीसाठी पैसे घालवायची गरज नाही.

पडद्यावर नकाशा दिसणारं यंत्र घ्यावं, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. काही स्वस्त किंवा फोनच्या जोडीने वापरायच्या यंत्रांत फक्त ठिपका, रेघ आणि बाण असतो. "गावाकडे जा" म्हटलं की बाण गावाकडे वळतो, सरळ रेषेत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावर उभं राहून बेलपाड्याकडचा बाण पाहा : अंतर अगदी थोडं दिसेल, पण मध्ये अख्खा कडा आहे. बाणाला कडा माहीत नसतो. समोच्च रेषा असलेला नकाशा पडद्यावर असेल तर रेषांची दाटी तरी डोळ्यांना दिसते. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर तयार केलेले नकाशे फुकट मिळतात, मेमरी कार्डावर टाकले की झालं. हे नकाशे स्वयंसेवकांनी भरलेले असतात. प्रसिद्ध गडांच्या वाटा त्यात चांगल्या आहेत, पण ढोरवाट आणि माणसांची वाट यातला फरक त्यात दर वेळी असेलच असं नाही. तिथे गावातला वाटाड्याच हवा.

आता एक सावधगिरीची सूचना, आणि ही वगळून पुढे जाऊ नका. काही यंत्रांत उपग्रहामार्फत संदेश पाठवायची सोय असते. गार्मिनमध्ये तिला 'इनरीच' म्हणतात, आणि काही मॉडेलच्या आकड्यापुढे त्यासाठी 'आय' हे अक्षर असतं. परदेशात ही सोय जीव वाचवणारी मानतात. आपल्याकडे मात्र उपग्रहाद्वारे संपर्क साधणारी उपकरणं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा ठरतो. परदेशी पाहुण्यांना विमानतळावर यासाठी अडवलं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अमेरिकेतला भाचा भेट म्हणून जीपीएस आणणार असेल, तर त्याला मॉडेलचं पूर्ण नाव आधी विचारा. फक्त ऐकणाऱ्या साध्या यंत्राला ही अडचण नाही.

यंत्र आलं. पुढे काय? दोन सेटिंगं पहिल्याच दिवशी तपासा, कारण मोठे घोटाळे इथेच होतात.

एक, अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत. १९.५ अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटं. कुणी घाईत १९ अंश ५० मिनिटं भरलं तर वीस मिनिटांचा फरक पडला. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे आपण ३७ किलोमीटर उत्तरेला गेलो! मोहिमेतल्या सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची, हा नियम करा.

दोन, नकाशाचा पाया, ज्याला यंत्रात 'डेटम' म्हणतात. पृथ्वी पूर्ण गोल नाही, तिचा आकार कसा धरायचा याची वेगवेगळी गणितं आहेत. यंत्र 'डब्ल्यूजीएस ८४' हे गणित धरतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्टच्या गणितावर आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतरचे ओपन सिरीज नकाशे नव्या गणितावर आहेत. जुना नकाशा आणि यंत्र यांचा मेळ न घालता वाचलं तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. पठारावर शंभर मीटर काहीच नाही. कड्याच्या काठावर आहे.

मग शाळेच्या मैदानावर सराव करा. झेंड्याच्या खांबाजवळ यंत्र ठेवून दहा मिनिटं दर मिनिटाला वाचन घ्यायला लावा आणि ते ठिपके आलेखावर मांडा. ते एका जागी पडत नाहीत, हे मुलांनी स्वतः पाहिलं की "जीपीएस सांगतंय म्हणजे बरोबरच" ही समजूत आपोआप जाते. तोच प्रयोग इमारतीच्या भिंतीला टेकून करा, ठिपके आणखी पसरतील.

प्रत्यक्ष चढाईत या यंत्राचं सर्वांत मोठं काम वर जाताना असतं, उतरताना नव्हे. पायथ्याच्या गावातच रेकॉर्डिंग सुरू करा, म्हणजे चालल्या वाटेची रेघ उमटत राहते. प्रत्येक फाट्यावर, खिंडीत, पाण्याच्या टाक्यापाशी थांबून बिंदू नोंदवा आणि त्याला नाव द्या. चढताना जो फाटा जाणवतसुद्धा नाही, तोच उतरताना दोन सारख्या वाटा म्हणून समोर येतो. धुक्यात परतायची वेळ आली तर नवी वाट शोधायची नाही, आपल्याच रेघेवरून मागे यायचं. यंत्र धरायचं काम आळीपाळीने दोन मुलांना द्या. एक पडद्याकडे पाहील, दुसरा कागदी नकाशाकडे. दोघांचं जमेना तर सगळा गट थांबेल. आणि जास्तीचे दोन सेल शिक्षकांच्या खिशात असू द्या, सॅकच्या तळाशी नको.